हेर्लेकरांची सात मढी

हंबीरराव मगदुमांनी घरात व्हिडिओ आणला, याचं यज्ञेश्वर हेर्लेकरांना काहीएक वाटलं नाही. तसं त्यांनी बायकोला सांगितलं, शेजारच्या तात्यांना सांगितलं, पाटबंधारे कचेरीत टेबलाभोवतीच्या तिघांना सांगितलं, आणि एकदा सकाळी कोणी काही विचारलं नसताना दूधवाल्यालाही सांगितलं. दूधवाला म्हणाला, "मग बरं हाय की," आणि माप ओतून निघून गेला.

साल शहाऐंशी. कोल्हापुरात शाहूपुरीच्या पाठीमागची प्रसाद कॉलनी म्हणजे बावीस बिऱ्हाडं, एक बोअरिंग, एक गणपती आणि एक नाटककार. नाटककार म्हणजे हेर्लेकर. दर गणपतीत कॉलनीचं विनोदी नाटक तेच लिहीत, तेच बसवत आणि मुख्य कामही तेच करत. एकोणीस वर्षं यात खंड नव्हता. प्रेक्षकही शिस्तीचे होते. हसायची जागा आली की हेर्लेकर विंगेत असले तर खोकत, आणि रंगमंचावर असले तर खिशातून रुमाल काढत. मग लोक हसत. एका वर्षी त्यांना खरोखरची सर्दी झाली होती, ते नाटक फारच रंगलं.

ही शिस्त फक्त एका व्यक्तीनं कधी पाळली नाही. श्यामलाबाई, म्हणजे हेर्लेकरांच्या पत्नी, पहिल्या रांगेत बसत आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवर चढलेल्या माणसाकडे बघावं तशा पडदा पडेपर्यंत नवऱ्याकडे बघत राहत. घरी आल्यावर म्हणत, "छान झालं. घसा बसला का हो?" हसू म्हणून नाही. हेर्लेकरांनी त्याचं कारण शोधून ठेवलं होतं. श्यामलाचा स्वभावच मुळी गंभीर. काही माणसांना कोबी आवडत नाही, तसं तिला हसणं मानवत नाही.

ही समजूत एका रविवारी दुपारी साडेतीन वाजता मोडली.

मगदूम हे इचलकरंजीजवळच्या कबनूरचे. चोवीस यंत्रमागांचे मालक. मुलांच्या शाळेसाठी वर्षापूर्वी कॉलनीत राहायला आले आणि आल्या आल्या सगळ्यांना पावणं म्हणू लागले, म्हणजे कॉलनीच त्यांची आणि बाकीचे चार दिवसांसाठी उतरलेले. त्या रविवारी त्यांनी अख्ख्या कॉलनीला इंग्रजी सिनेमा बघायला बोलावलं. कॅसेटच्या पाठीवर दुकानदारानं पेनानं ‘झोंबी’ असं लिहिलं होतं, त्यामुळे तालमीतलेही पाच-सहा जण कुस्त्या बघायला म्हणून येऊन पुढं बसले होते.

कुस्त्या नव्हत्या. सिनेमात कबरीतून मढी उठत होती आणि गावभर हिंडत होती. एक मेलेला पोस्टमन होता. त्याचं नाक गळून पडलं होतं, पण तो घरोघर पत्रं टाकत होता. एक मेलेली नवरी दुकानात शिरून बुटांची जोडी मागत होती आणि बोट दाखवता दाखवता तिचा हातच काउंटरवर राहिला. इंग्रजीशी मगदुमांचा संबंध मागाच्या मोटरीवरच्या पाटीपुरता. पण ते टीव्हीशेजारी मांडी घालून बसले होते आणि मढ्यांच्या वतीनं बोलत होते.

"बघा, मेलं तरी ड्युटी सुटंना गड्याची! पेन्शनीचं कागूद अडकल्यालं असणार साहेबाच्या टेबलावर! ओ वैनी, हात ऱ्हायला की काउंटरवर! आता कुंकू कुठल्या हातानं लावनार?"

आणि श्यामलाबाई हसल्या. आधी पदर तोंडात कोंबून हसल्या, मग पदर काढून हसल्या, मग तात्यांच्या बायकोच्या खांद्यावर डोकं टेकून हसल्या. पोस्टमनचा गुडघा उलटा वळला तेव्हा त्यांनी हात जोडून "पुरे हो मगदूमभाऊजी, पुरे!" असं म्हटलं. हेर्लेकर दाराशी खुर्चीवर बसले होते. आपल्या बायकोचे डाव्या बाजूचे वरचे दात सोनाराकडच्या मोत्यांसारखे एका रेषेत आहेत, हे त्यांना लग्नानंतर एकोणीस वर्षांनी, परक्याच्या घरात, एका मेलेल्या पोस्टमनमुळे समजलं.

रात्री जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं. "एवढं काय होतं गं हसण्यासारखं?"

"अहो, त्याला आपण मेलोय हेच ठाऊक नाही! बिचारा पत्रं टाकत फिरतोय. ऊन नाही, वारा नाही." श्यामलाबाईंना पुन्हा उमाळा आला. "आणि मगदूमभाऊजी काय एकेक बोलत होते!"

हेर्लेकरांनी वही काढून पहिलं वाक्य टिपून ठेवलं. दुसरं टिपलं नाही. शास्त्रीय अभ्यासात नको त्या गोष्टी घेत नसतात.

मग त्यांनी तात्यांना गाठलं. तात्या हे गणपती मंडळाचे अध्यक्ष. दोन्ही गुडघे गेलेले, त्यामुळे ते कायम कट्ट्यावर सापडत आणि कोणालाही सल्ला देत.

"मढ्यांची मजा कशात आहे सांगू का?" तात्या म्हणाले. "तो मेलेला किती सावकाश येतो बघितलंस? एकदा पाय उचलला की दुसरा उचलेपर्यंत माणूस चहा पिऊन येईल. अरे यज्ञेश्वर, सत्तर वर्षं मी मरणाला भ्यालो. काल पहिल्यांदा बघितलं, तो माझ्यापेक्षा लंगडा आहे! त्याच्या तावडीतून मीसुद्धा सुटेन. मला तर बुवा फार हलकं वाटलं. रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या."

दोन्ही साक्षींवरून हेर्लेकरांनी निष्कर्ष काढला तो असा: लोक हसतात ते मढ्यांना. मगदूम हा केवळ तिथे बसलेला इसम. मढी आपणही उठवू शकतो. आणि मराठी मढी, ती कळायला शेजाऱ्याची गरज नको.

आठ दिवसांत नाटक तयार झालं. नाव ‘वर जाऊन आलेल्या मंडळींची सहल’. पेन्शनचे कागद अडकल्यामुळे सात मेलेले कारकून स्मशानातून उठून कचेरीत येतात, अशी कल्पना होती. ही कल्पना हेर्लेकरांना पूर्णपणे स्वतंत्रपणे सुचली होती. शेवटी मुख्य मढं, म्हणजे ते स्वतः, जिवंत माणसांना जीवनाचा अर्थ समजावून सांगतं. ते भाषण फुलस्केपच्या चार पानांचं होतं आणि त्यात रुमाल काढायच्या अकरा जागा होत्या.

मंडळाच्या बैठकीत तात्या म्हणाले, "नाटक उत्तम. पण मगदुमांना काम दे."

"त्यांना नाटकातलं काय कळतं?"

"काही कळत नाही. म्हणून तर लोक येतील."

हेर्लेकरांच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी समाधान दिसलं. त्यांनी मगदुमांना मढं क्रमांक तीन दिलं. मढं क्रमांक तीनला सबंध नाटकात एकही शब्द नव्हता.

"एवढंच व्हय? नुसतं पडायचं आणि चालायचं?" मगदूम खूश होऊन म्हणाले. "झकास! मला पाठांतर जमत न्हाई बघा, पावणं."

परवानगीसाठी हेर्लेकर पोलीस चौकीत गेले. तिथल्या जमादारांनी फॉर्म पुढं ओढला.

"नाटकात माणसं किती?"

"नऊ."

"जिवंत?"

"दोन. बाकी सात मयत."

जमादारांनी पेन खाली ठेवलं. "नैसर्गिक, का संशयास्पद?"

"नाटकातले मयत आहेत हो. आणि ते उठतात परत."

"उठत्यात, तर मयत म्हणून कशाला लिवता? मयत हा मयतच पायजे. उद्या मला वरनं कुणी विचारलं, सात मयतांचं पुढं काय केलं, तर मी काय सांगू? उठून घरी गेली?"

"होय. नाटक संपल्यावर घरीच जाणार ती."

शेवटी जमादारांनी ‘सात इसम, तात्पुरते आडवे’ अशी नोंद करून परवानगी दिली. या शब्दरचनेचा हेर्लेकरांना थोडा हेवा वाटला. आठ दिवस डोकं फोडून त्यांना असं एकही वाक्य सुचलं नव्हतं.

तालमींमध्ये, म्हणजे नाटकाच्या तालमींमध्ये, वेगळीच अडचण निघाली. मढ्यांना झोपवायचं कसं? दक्षिणेकडे पाय करून झोपायला सातांपैकी पाचांच्या बायकांनी हरकत घेतली. खोटं खोटं मेलं म्हणून काय झालं, दिशा तर खरी आहे! पश्चिमेला गणपती, तिकडे पाय करणं शक्य नव्हतं. पूर्वेला प्रेक्षक. प्रेक्षकांकडे पाय केले तर तो अपमान, असं तात्या म्हणाले. राहिली उत्तर, तिकडे मांडवाचा खांब. सगळे मिळून खांबाच्या कडेकडेनं जसे मावतील तसे झोपले आणि त्यात मुख्य मढं खांबाच्या मागं गेलं.

शिवाय चालण्याचा प्रश्न. कोल्हापूरचा माणूस छाती काढूनच चालतो. मेल्यावर त्यानं खांदे पाडून, पाय फरफटत चालावं, हे कुणाच्या अंगी उतरेना. सहा मढी संचलनाला निघाल्यासारखी येत. फक्त मगदूम अचूक चालले. मान एका बाजूला, एक पाय मागं, तोंडाचा कोपरा खाली. तालीम बघायला आलेल्या बायका हसून हसून बेजार झाल्या. त्यांत श्यामलाबाईही होत्या.

"मगदूम, फार होतंय ते," हेर्लेकर म्हणाले. "जरा जिवंतपणे चाला."

रंगभूषेसाठी त्यांनी आकाराम पेंटरांना धरून आणलं. आकाराम एके काळी इथल्या स्टुडिओत पौराणिक चित्रपटांना रंग लावत. आता थकले होते, पण हात स्थिर होता. प्रयोगाच्या दिवशी दुपारी त्यांनी पहिलं मढं रंगवून उभं केलं. निळं अंग, गुलाबी गाल, कानापर्यंत काजळ, कपाळावर गंध.

"आकाराम, अहो हा तर श्रीकृष्ण झाला!"

"झालाच की," आकाराम शांतपणे म्हणाले. "चाळीस वर्षं देव रंगवल्यात. मढं कधी कुणी मागितलंच न्हाई. आणि मेल्यावर माणूस देवाघरीच जातो न्हवं? मग तिथली कळा नको व्हय तोंडावर?"

यावर वाद घालायला हेर्लेकरांना वेळ मिळाला नाही. कारण तेवढ्यात कोपऱ्यावरून रडण्याचा आवाज आला.

आवाज एका बाईचा नव्हता. निदान तीसेक बायकांचा होता. कॉलनीच्या तोंडाशी दोन टेम्पो थांबले होते. त्यातून लुगड्यांचे पदर डोळ्यांना लावलेल्या बायका उतरत होत्या, मागून टोप्या हातात घेतलेले पुरुष, आणि सगळ्यांत पुढं एक उंच, खणखणीत म्हातारी, छाती पिटत.

"माझ्या हंबीराऽ! माझ्या वाघाऽ! असा कसा गेलास रं न सांगताऽ!"

ह्या बाळाबाई, मगदुमांच्या आत्ती, म्हणजे आत्या. मगदुमांना त्यांनीच लहानाचं मोठं केलं होतं.

हे कसं झालं ते सांगायला हवं. कोल्हापुरात कोण गेलं हे पेपरात कळायच्या आधी चौकातल्या फळ्यावर कळतं. कॉलनीबाहेरच्या तालमीचा असा एक फळा होता आणि त्यावर बावीस वर्षं केरबा खडूनं लिहीत आला होता. अक्षर टपोरं. मजकूर दोनच प्रकारचे, निधन आणि रक्षाविसर्जन. मध्येच कधी पाणी येणार नसल्याची सूचना. हेर्लेकरांनी त्याला नाटकाची जाहिरात लिहायला दिली होती. सकाळपासून फळ्यावर पुढील मजकूर झळकत होता:

‘प्रसाद कॉलनी. कै. हंबीरराव मगदूम (कबनूरकर). कै. यज्ञेश्वर हेर्लेकर (पाटबंधारे) व इतर पाच. आज सायंकाळी ठीक सात वाजता गणपतीच्या मांडवातून. सर्वांनी उपस्थित राहावे.’

हेर्लेकर फळ्यापाशी धावले. केरबा तिथेच विडी ओढत बसला होता.

"केरबा, हे काय लिहिलंस? हे ‘कै.’ कुणी सांगितलं तुला?"

"सायेब, तुमीच नाटक वाचाय दिलं की मला. पैल्याच पानावर तुमी सगळी मेलायसा. मेल्याल्या माणसाला ‘श्री’ लिवत न्हाईत." केरबा दुखावला होता. "बावीस वर्सांत एक चूक न्हाई माझी."

"आणि नाटकाचं नाव?"

"ते लई लांबडं हुतं. फळ्यात बसंना, म्हणून गाळलं. नाव कशाला पायजे? माणसं महत्त्वाची."

सकाळी सुताच्या गाडीचा ड्रायव्हर इथून गेला होता. त्यानं फळा वाचला आणि इचलकरंजी गाठायच्या आधी कबनुरात गाडी थांबवली. दुपारी बारापासून मगदुमांचे चोवीस माग बंद होते. शेजारच्यांनीही आपले बंद ठेवले होते.

आणि मगदूम स्वतः? ते सकाळीच सहकुटुंब जयसिंगपूरला पाहुण्यांकडे गेले होते. परस्पर सातच्या आत मांडवात येतो, असं सांगून. घराला कुलूप होतं. त्या कुलपाकडे बघून रडणं दुप्पट झालं.

आता हेर्लेकरांनी एकच वाक्य बोलायला हवं होतं. ते बोलण्यासाठी ते गर्दीत शिरलेही. पण शिरता शिरता कानावर शब्द पडू लागले.

"असा मालक व्हनार न्हाई. दिवाळीला पैलं आमच्या पोरास्नी कापडं, मग सोताच्या."

"माझ्या बाईचं आपरेशन झालं, तवा रातभर दवाखान्यात बसला हुता."

"नुसता आला तरी घर हसायचं."

हेर्लेकर थांबले. पाच मिनिटांनी सांगू, त्यांनी ठरवलं. दहा मिनिटं झाली. तोवर कबनूरहून आणखी एक जीप आली. हार एवढे जमले की ठेवायला जागा नव्हती. हेर्लेकरांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या मरणाचा इतका स्वच्छ हेवा केला. माणूस मेलेलासुद्धा नव्हता. मेला असता तर काय झालं असतं?

आणि मग त्यांना जाणीव झाली की फळ्यावर दोन नावं आहेत.

त्यांनी आपल्या घराकडे बघितलं. दार उघडं होतं. पायरीवर कोणी नव्हतं. फाटकाशी मात्र एक सायकल लागली आणि कचेरीतला शिपाई गुंडू उतरला. हेर्लेकरांना भरून आलं. ते जवळजवळ धावतच गेले.

"गुंडू! आलास?"

"आरं, तुमी हायसा व्हय?" गुंडूला फार आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. "बरं झालं. तीन नंबरच्या कपाटाची किल्ली द्या. सायेब म्हनले, आज न्हेली न्हाई तर बारा दिवस घावायची न्हाई."

"साहेब येतायत का?"

"कशाला?"

हेर्लेकरांनी किल्ली दिली. गुंडूनं सायकलवर टांग मारली. तात्या कट्ट्यावरच होते, त्यांच्याकडे हेर्लेकरांनी नुसतं बघितलं.

"मी येणारच होतो," तात्या म्हणाले. "म्हटलं, गर्दी ओसरू दे."

यानंतर हेर्लेकरांनी बाळाबाईंना गाठून सांगितलं की मगदूम जिवंत आहेत, जयसिंगपूरला गेलेत, सातला येतील. बाळाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. "लई चांगला शेजारी हायस बाबा. म्हातारीला धीर द्याया खोटं बोलतोयस. पन मला सगळं सोसायला पायजे." आणि मग सगळ्यांना उद्देशून, "चला गं, मांडवात बसूया. तितनंच न्हेनार हाईत."

बायकामुलांना जयसिंगपूरलाच मुक्कामाला ठेवून साडेसहाला मगदूम मांडवाच्या मागच्या कनातीतून हसत आत आले आणि आकारामांसमोर रंगायला बसले. "गर्दी झकास हाय, पावणं! आवाज बाहीरपतुर येतोय."

"हो," हेर्लेकर म्हणाले. त्यांनी पुढं काही सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं असं त्यांनी नंतर तात्यांना सांगितलं, पण ते खरं नाही. माणूस आधीच एवढा फुगलेला, त्याला आणखी हवा कोण भरणार?

सातला पडदा वर गेला. निळी, तेजस्वी सात मढी खांबाच्या कडेनं पडली होती. मांडवाच्या अर्ध्या भागात कॉलनी, अर्ध्या भागात कबनूर. कॉलनीनं टाळ्या वाजवल्या. कबनुरानं हात जोडले.

आणि बाळाबाई उठल्या. "हंबीराऽ! काय तेज आलंय रं तोंडावरऽ! देवच झालास की रं माझ्या सोन्याऽ!"

तीस बायकांनी सूर धरला. मढं क्रमांक तीननं नाटकाप्रमाणे तुतारी वाजेपर्यंत हलायचं नव्हतं. पण आत्तीचा आवाज ओळखीचा. ते टुणकन उठून बसलं.

"आत्ती? तू कवा आलीस? जेवलीस का?"

बाळाबाईंनी डोळ्यांवरचा पदर काढला, चष्मा नीट केला, दोन पायऱ्या चढून त्या रंगमंचावर गेल्या आणि त्यांनी गुलाबी गालावर अशी सणसणीत ठेवून दिली की पाचही बोटं उमटली.

"मुडद्या! जित्ता हायस तर सांगाया काय झालतं? चोवीस माग बंद ठेवून आलाव आमी! सकाळधरनं रडून घसा फाटला माझा!"

"आगं, नाटक हाय आत्ती!"

"नाटकात मरतंय व्हय कोन? दुसरीकडं जागा न्हाई व्हय मराया?" आणि दुसरी ठेवून दिली. मग त्याला पोटाशी धरून त्या रडू लागल्या आणि त्यांचं नऊवारी निळं होऊ लागलं. कबनूरकर रंगमंचावर चढले. मयताला आणलेले हार जिवंत माणसाच्या गळ्यात पडू लागले. कुणी त्याचा पाय ओढून खरा आहे का बघत होतं, कुणी पाठीवर थापा मारत होतं. कॉलनी हसत होती, कबनूर रडता रडता हसत होतं, आकाराम विंगेत उभे राहून डोळे पुसत होते.

खांबाच्या मागं मुख्य मढं अजून पडून होतं. ते तुतारीची वाट बघत होतं. तुतारीवाला रंगमंचावर मगदुमांना मिठी मारायला गेला होता. हेर्लेकरांनी एक डोळा उघडला. चार पानांचं भाषण, अकरा जागा, आठ दिवसांची मेहनत. पहिल्या रांगेत श्यामला हसत होती, ती मगदुमांकडे बघून. ते उठून बसले, खांबाच्या पुढं आले आणि त्यांच्या तोंडून भाषणातलं एकही वाक्य निघालं नाही.

"आणि मी?" ते ओरडले. "मी मेलोय त्याचं काय? फळ्यावर माझंही नाव आहे! याच्यासाठी तीन गाड्या, आणि माझ्यासाठी कोण आलं? एक शिपाई! तोही किल्लीसाठी! शेजारचा माणूस म्हणतो, गर्दी ओसरू दे! कुठली गर्दी? एक माणूस नव्हता माझ्या दारात! दुपारपासून मेलोय मी, कुणी चहासुद्धा विचारला नाही!"

निळा देह, गुलाबी गाल, कपाळावर गंध आणि डोळ्यांत खरंखुरं पाणी.

मग मांडव फुटला. मागची रांग खुर्च्यांवरून खाली आली. तात्या गुडघे विसरून उभे राहिले. तालमीतले लोक एकमेकांच्या पाठीवर बुक्क्या मारू लागले. मगदूम पोट धरून खाली बसले आणि हातानं ‘पुरे, पुरे’ अशी खूण करू लागले.

बाळाबाई वळून बघत राहिल्या. "आगं बया! ह्यो बी मेलाय व्हय? लई वंगाळ वाटतंय रं. घाला, ह्येच्या बी गळ्यात एक हार घाला कुनीतरी!"

दुसरं हसणं पहिल्यापेक्षा मोठं होतं. हेर्लेकर रागावून उभे होते, गळ्यात हार होता, आणि पहिल्या रांगेत श्यामलाबाई ओंजळीत तोंड धरून हसत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्या मगदुमांकडे बघत नव्हत्या.

चार पानांचं भाषण झालंच नाही. त्याची कुणी चौकशीही केली नाही. घरी जाईपर्यंत निदान चाळीस लोकांनी हेर्लेकरांचा हात दाबला. "काय लिहिलंय हेर्लेकर! आजवर कुठं लपवलं होतं हे?" मगदूम तर गळ्यातच पडले. "पावणं, मला जलमात असलं सुचनार न्हाई. तुमचा हेवा वाटतो बघा!" हे वाक्य हेर्लेकरांनी वर्षभर मनातल्या मनात ऐकलं होतं. प्रत्यक्षात मात्र ते आजूबाजूला बघू लागले. ज्याचं लोक कौतुक करत होते, तो लेखक कोण, हे त्यांनाही बघायचं होतं.

घरी श्यामलाबाईंनी खोबरेल तेलाची वाटी घेतली आणि त्यांना समोर बसवून रंग काढायला लागल्या. कापूस निळा होत होता. मध्येच त्या थांबल्या.

"एक विचारू? ते शेवटचं, चहासुद्धा विचारला नाही, ते म्हणताना तुमचा ओठ थरथरत होता. आणि डोळे भरले होते. इतकं खरं कसं काय जमलं हो?"

हेर्लेकरांनी मान ताठ केली.

"अभिनय," ते म्हणाले. "अभिनय म्हणतात त्याला."

श्यामलाबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. अर्धा चेहरा हेर्लेकरांचा, अर्धा देवाचा. त्यांनी ओठ घट्ट मिटून धरले, वाटी खाली ठेवली, आणि मग त्यांना काही आवरेना. त्या तिथेच भिंतीला टेकून पोट धरून हसत सुटल्या. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. हेर्लेकरांनी तरीही एकदा मागं वळून खात्री करून घेतली.